आई वर्षात दोनदा पडली, पण हाड मोडलं नाही. तरीही फिजिओथेरपीची गरज आहे का?

हो, आहे. आणि हाड मोडलेलं नाही तोवरच तिचा जास्त उपयोग आहे.

तुम्ही लिहिलंय की आई ७४ वर्षांच्या आहेत, दोन्ही वेळा घरातच पडल्या, रोज सकाळी बागेत फिरतात, आणि डॉक्टरांनी फिजिओ सुचवल्यावर घरचे म्हणाले, "मोडलंय कुठे काही?" मी फिजिओथेरपिस्ट आहे, ज्येष्ठांच्या घरी जाऊन व्यायाम घेते. हा प्रश्न मला सतत ऐकावा लागतो. फिजिओ म्हणजे शेक आणि मशीन, तेही प्लास्टर निघाल्यावर, असंच लोकांच्या डोक्यात बसलंय. पण एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते. आणि खुबा मोडला तर ऑपरेशन चांगलं होऊनही अनेकांना पहिल्यासारखं चालणं परत मिळत नाही.

फिरणं अजिबात बंद करू नका. मात्र नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं, असा ठोस पुरावा नाही. सपाट वाटेवर तोल सावरायची वेळच फारशी येत नाही. घरात माणूस पडतो तो बेल वाजली म्हणून गर्रकन वळताना, रात्री लघवीला उठताना, ओल्या मोरीचा उंबरा ओलांडताना, वरच्या फळीवरचा डबा काढायला मान मागे टाकली की. अशा वेळी पाऊल झटकन टाकून अंग सावरावं लागतं. त्याला मांडीत, पोटरीत, घोट्यात जोर लागतो आणि सवयही लागते. दोन्ही गोष्टी या वयात कमावता येतात, अगदी ऐंशीनंतरही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात ज्येष्ठांसाठी घरीच करायचे व्यायाम बसवले गेले: पायाला वजन बांधून ताकदीचे आणि जोडीला तोलाचे, आठवड्यातून तीनदा. त्यांच्या चाचण्यांत पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात १०८ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं.

पहिल्या भेटीत मी खुर्चीतून उठून ३ मीटर चालायला, वळून परत येऊन बसायला सांगते. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर धोका आहे असं धरतात. माझं लक्ष घड्याळाइतकंच इतर गोष्टींकडे असतं. उठताना खुर्चीचे हात दाबावे लागतात का? पहिल्या प्रयत्नात उठता येतं की दोनदा झोका घ्यावा लागतो? वळताना पावलं अडखळतात का, हात आपोआप भिंतीकडे जातो का? त्यावरून कुठे काम करायचं ते कळतं.

मग व्यायाम सुरू होतो स्वयंपाकघरात, ओट्यापाशी. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवून उभं राहायचं. आधी दोन्ही हात ओट्यावर, काही दिवसांनी एक हात, मग दोनच बोटं, मग हात नुसता ओट्याच्या वर. पुढे तसंच उभं राहून मान डावी-उजवीकडे वळवायची. थोडं डगमगायला हवंच! अजिबात डगमगत नसेल तर तोलाचा व्यायाम झालेलाच नाही. म्हणूनच व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ पुरत नाही. कुणाला कधी किती अवघड द्यायचं हे बघणारा माणूस सुरुवातीला शेजारी उभा असावा लागतो. महिनाभर करून सोडून देऊ नका. व्यायाम थांबला की ताकदही ओसरते.

जमिनीवरून उठणंही मी आवर्जून शिकवते. कुशीवर वळायचं, हात-गुडघ्यांवर यायचं, रांगत पलंगापर्यंत जायचं, हात त्यावर टेकवून एक पाय पुढे रोवायचा आणि उठायचं. हे जमायला लागलं की भीती बरीच कमी होते. या भीतीबद्दल मला फार कळकळीने सांगायचंय. पडल्यावर घरचे प्रेमाने म्हणतात, "आता तू काही करू नकोस, बसून राहा." बसून पाय आणखी कमजोर होतात आणि पुढचं पडणं जवळ येतं. आईंना भाजी निवडण्यापेक्षा भाजी आणायला पाठवा, हवं तर कुणीतरी सोबत जा.

पडण्याआधी चक्कर आली होती, डोळ्यांपुढे अंधारी आली होती किंवा शुद्ध हरपली होती, तर व्यायामाआधी डॉक्टरांना पुन्हा भेटा. झोपून आणि उभं राहून असं दोन्ही वेळा बीपी मोजायला सांगा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर गोळ्या बदलाव्या लागू शकतात. झोपेची गोळी चालू असेल तर तेही विचारा. मोतीबिंदू तपासून घ्या. बाथरूममध्ये भिंतीला पकडायला दांडा बसवा, सरकणारी पायपुसणी काढून टाका.

थेरपिस्ट घरी येतील तेव्हा सगळ्या गोळ्यांची यादी आणि आई रोज घालतात त्या चपला समोर ठेवा. दोन्ही वेळा त्या कुठे, किती वाजता आणि काय करताना पडल्या, हे त्यांना स्वतःलाच सांगू द्या.