जायचं कधी, ते समुद्राला विचारा

बहुतेक पत्रांत 'कुठे जाऊ?' असा प्रश्न असतो. मला मात्र आधी 'कधी?' विचारावंसं वाटतं. जुनी बंदरं वसली ती वारा आणि पाणी बघून, आणि तिथली सुट्टीही त्या दोघांच्याच मर्जीवर चालते. या वेळची निवडक पत्रं वाचली की ते लक्षात येईल.

प्रश्न : मुलांच्या शाळेमुळे आम्हाला जुलै-ऑगस्टशिवाय जमत नाही. दहा दिवसांत सँटोरिनी, नॅक्सोस, पारोस आणि ऱ्होड्स अशी चार ग्रीक बेटं बसतील का?

कागदावर बसतील. पण एजियन समुद्रात नेमक्या याच दोन महिन्यांत मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा जोरावर असतो. आभाळ निरभ्र, ऊन लख्ख, आणि बोट रद्द! नवख्या माणसाला हे कोडंच वाटतं, कारण वादळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काळे ढग येतात. वारा वाढला की आधी कॅटामरान, म्हणजे दुहेरी तळाच्या लहान, वेगवान बोटी थांबतात. मोठ्या फेरीबोटी त्या मानाने तग धरतात.

म्हणून ऱ्होड्स सरळ गाळा, ते या बाकीच्या बेटांपासून फार लांब आहे. दोनच बेटं घ्या, मोठ्या बोटीची तिकिटं काढा आणि जिथून विमान पकडायचंय त्या बेटावर आदल्या दिवशीच पोहोचा. हा एक मोकळा दिवस वाया गेल्यासारखा वाटेल, पण तोच तुमचं विमान वाचवेल.

ग्रीसचाच हट्ट नसेल तर क्रोएशियातलं कोर्चुला बघा. तिथे उन्हाळ्यात पश्चिमेकडून 'माएस्त्राल' नावाचा सौम्य वारा येतो आणि हिवाळ्यात ईशान्येकडून 'बुरा' हा बोचरा वारा. गाव आखणाऱ्यांनी दोघांचाही हिशेब ठेवला. मधल्या रस्त्यावर उभं राहून दोन्हीकडे पाहिलं तर गल्ल्या माशाच्या काट्यासारख्या फुटलेल्या दिसतात. पश्चिमेच्या गल्ल्या सरळ, माएस्त्राल आत यावा म्हणून. पूर्वेच्या किंचित वळवलेल्या, बुरा थेट घुसू नये म्हणून. भर दुपारी पश्चिमेच्या गल्लीत शिरा, अंगाला चिकटलेला सदरा दहा पावलांत सुटतो. शेकडो वर्षांपूर्वीची ही सोय अजून चालू आहे.

उन्हाळ्यात तिथून डुब्रोव्हनिक या जुन्या तटबंदीच्या शहराला बोट मिळते. डुब्रोव्हनिकचा तट साधारण १,९४० मीटर लांब आहे आणि त्यावर सावली जवळजवळ नाही. दरवाजा उघडतो त्या वेळेलाच चढा. दहानंतर क्रूझ जहाजांचे उतारू शहरात येतात आणि मग तटावर चालणं नव्हे, रांगेत सरकणं होतं.

प्रश्न : इंग्लंडमधल्या लिंडिसफार्न बेटावर गाडी घेऊन जाता येतं म्हणतात. भरतीचं वेळापत्रक खरंच एवढं काटेकोर पाळायला लागतं का?

लागतं. बेटाकडे जाणारा रस्ताच भरतीत पाण्याखाली जातो. दर वर्षी कुणीतरी 'पाणी अजून लांब आहे' म्हणून गाडी घालतो आणि अडकतो. पाणी समोरून लाटेसारखं येतच नाही हो! ते आजूबाजूच्या खाचांमधून गुपचूप भरतं, आणि ओला रस्ता नि पाण्याखालचा रस्ता यांतला फरक कळेपर्यंत चाकं बुडालेली असतात. रस्त्यालगत खांबांवर उभारलेली एक आश्रयाची खोली आहे. तिच्यात बसून गाडी बुडताना बघायची वेळ कुणावर येऊ नये. दिवसातून दोनदा हा रस्ता काही तास बंद होतो. जाण्यायेण्याच्या सुरक्षित वेळा आधी जाहीर होतात आणि रस्त्याच्या तोंडाशीही लावलेल्या असतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, तेव्हा अधिकच सांभाळा.

माझा सल्ला मात्र उलटा आहे : मुद्दाम अडका. म्हणजे बेटावर मुक्काम करा. ओहोटीच्या वेळात माणसांची झुंबड असते. रस्ता बुडाला की सगळं शांत होतं. ६३५ साली संत एडन आणि त्यांचे सोबती भिक्षू इथे राहायला आले. त्यांना ही जागा का भावली असेल, ते त्या चार-पाच तासांत समजतं. (७९३ साली व्हायकिंग लुटारू आले तेही समुद्रातूनच. एकांताची किंमत!)

प्रश्न : नोव्हेंबरात व्हेनिसला स्वस्तात जाता येतंय, पण पुराची भीती वाटते.

जा. मात्र गुडघ्यापर्यंत येणारे रबरी बूट घालायची तयारी ठेवा. शरद-हिवाळ्यात भरती, दक्षिणेचा वारा आणि कमी हवेचा दाब एकत्र आले की 'आक्वा आल्ता' येते. हे पाणी भरतीबरोबर चढतं आणि काही तासांत उतरतं; शहर दिवसेंदिवस बुडून राहत नाही. १२ नोव्हेंबर २०१९ ला पाणी ठरलेल्या समुद्रपातळीच्या वर १८७ सेंटिमीटरपर्यंत गेलं होतं. ऑक्टोबर २०२० पासून खाडीच्या तोंडाशी 'मोझे' नावाचे अडसर उचलले जातात, त्यामुळे तसे प्रसंग आटोक्यात आले आहेत. अडसर साधारण ११० सेंटिमीटरच्या अंदाजावर उचलतात आणि सेंट मार्क चौक त्याहून सखल आहे, म्हणून तिथे बूट भिजू शकतात.

एक दिवसात 'करून' यायचा विचार सोडा. ठरावीक गर्दीच्या दिवशी दिवसापुरत्या पाहुण्यांना प्रवेशशुल्क आहे. मुक्कामी माणसांना ते लागत नाही, फक्त नोंद करावी लागते. आणि चाकांची जड बॅग नको. पूल चारशेच्या वर आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना पायऱ्या आहेत.

प्रश्न : सासूबाई बहात्तर वर्षांच्या, गुडघे दुखतात, पण जुनं तटबंदीचं शहर बघायची फार हौस. कुठे नेऊ?

सँटोरिनी नको, तिथल्या फिरा गावाच्या जुन्या धक्क्यापासून वर ५८८ पायऱ्या आहेत, केबल कार असली तरी गाव उताराचंच. ऱ्होड्सच्या जुन्या शहरात गोटे उभे रोवलेले आहेत, घोटे बोलायला लागतात. माल्टाची राजधानी व्हॅलेटा बघा. तुर्कांच्या १५६५ च्या वेढ्यानंतर पुढच्याच वर्षी पायाभरणी झालेलं शहर, टेकडीच्या कण्यावर आखलेलं. त्या कण्यावरचा मुख्य रस्ता चालायला सोपा आहे आणि बंदरापासून वरच्या बाराक्का बागेपर्यंत थेट ५८ मीटरची लिफ्ट आहे. आडव्या गल्ल्या मात्र समुद्राकडे उतरताना पायऱ्याच होतात, तिकडे सासूबाईंना नेऊ नका. राहायची जागा ठरवताना खोलीचे फोटो नंतर, आधी एवढंच विचारा : गाडी जिथे थांबते तिथपासून खाटेपर्यंत किती पायऱ्या?

प्रश्न : जुलैत श्रीलंकेतल्या गॉलच्या किल्ल्यात चार दिवस राहू का?

तट कधीही बघता येईल, पण नैऋत्य मोसमी पावसात तिथला समुद्र खवळलेला असतो. जुलैच पक्का असेल तर पूर्व किनाऱ्यावरचं त्रिंकोमाली घ्या, तिकडे हाच काळ कोरडा. गॉलसाठी डिसेंबर ते मार्च.

प्रश्न : झांझिबारला समुद्रकिनाऱ्यासाठी चाललोय. स्टोन टाउनला अर्धा दिवस पुरेल ना?

दोन रात्री द्या. हे शहर उभं राहिलंच मुळी थांबलेल्या माणसांमुळे. डिसेंबर ते मार्च या काळात ईशान्येच्या वाऱ्यावर अरबस्तान आणि भारताकडून गलबतं यायची, आणि वारा फिरून नैऋत्येचा होईस्तोवर परतीची सोय नसायची. महिनोन्महिने थांबायचं तर घर हवं, वखार हवी, दारावर मिरवायला कोरीवकाम हवं. ती दारं वाचायला शिका : वर सपाट चौकट असेल तर ओमानी अरब धाटणी, कमान असेल तर भारतीय, आणि लहान लहान चौकोनांची घडीची दारं गुजराती व्यापाऱ्यांची. १८७३ साली बंद झालेल्या गुलामबाजाराच्या जागी आज अँग्लिकन कॅथेड्रल आहे, तिथे घाईने जाऊ नका. मार्च अखेरपासून मे हा मोठा पाऊस, तो टाळा. आणि दारं सकाळी लवकर बघा, कारण गल्ल्या इतक्या अरुंद की ऊन चढलं तरी अर्ध्या दारांवर ते पडतच नाही, नि उरलेल्या अर्ध्यांपुढे फोटो काढणारे उभे असतात.