केसांची साखळी घेताय? आधी टोकं बघा

व्हिक्टोरियन काळातली, माणसाच्या केसांनी विणलेली घड्याळाची साखळी घेताना टोकांची सोन्याची टोपणं १० पटीच्या भिंगाखाली धरा. केस तुटतात ते तिथेच: आतला सरस वाळून भुगा होतो आणि कोरडे केस कडेवर घासतात. वेणी टोपणात हलत असेल तर भाव पाडा, नाहीतर सोडा. १५ कॅरटचा ब्रिटिश छाप असेल तर टोपण १८५४ ते १९३२ मधलं. वेणी तितकीच जुनी असेल असं नाही. काचेमागे केस जपलेलं लॉकेट असेल तर ते पाण्यात बुडवून धुऊ नका, काचेमागे ओल शिरली की केसांना बुरशी धरते. अशाच जुन्या दागिन्यांतले काळे मणी ओळखणं त्यामानाने सोपं: जेट (लाकडापासून बनलेला, कोळशासारखा काळा खडा) हलकं आणि हाताला कोमट, काच जड आणि गार, व्हल्कनाइट (कडक केलेलं रबर) उन्हाने तपकिरी पडतं. पारख म्हणून मण्याला तापलेली सुई मात्र कुणाला टोचू देऊ नका, डाग कायमचा राहतो.