लक्सरचे खग्रास: सहा मिनिटांची तयारी

प्रश्न: २ ऑगस्ट २०२७ चे खग्रास सूर्यग्रहण कुठून पाहावे? महाराष्ट्रातून दिसेल का?

उत्तर: महाराष्ट्रातून फक्त खंडग्रास (सूर्य अर्धवट झाकलेला), तेही ऐन पावसाळ्यात. खग्रास पट्टा, म्हणजे जिथून सूर्य पूर्ण झाकलेला दिसतो तो भाग, दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिका, सौदी अरेबिया, येमेन असा जातो. आमची पसंती इजिप्तमधील लक्सरला: ऑगस्टमध्ये आकाश जवळजवळ नेहमी निरभ्र आणि खग्रास स्थिती सुमारे ६ मिनिटे २० सेकंद. पट्ट्याच्या कडेला हीच वेळ काही सेकंदांवर येते, म्हणून मुक्काम मध्यरेषेजवळच घ्या.

छायाचित्रणात अडचण सूर्याच्या उंचीची. खग्रास भर दुपारी एकच्या सुमारास असून सूर्य क्षितिजापासून ८० अंशांहून वर असेल. साध्या ट्रायपॉडवर लांब लेन्स इतकी वर वळत नाही, पायांना अडते. घरीच दुपारच्या सूर्यावर तपासून घ्या, अर्थात सौर फिल्टर (सूर्याचा प्रखर प्रकाश अडवणारी काच वा पडदा) लावून. फिल्टर लेन्सच्या पुढेच हवा. मागे लावलेला उष्णतेने तडकतो.

आयएसओ १२३१२-२ या सूर्य पाहण्याच्या चष्म्यांसाठीच्या मानकाचा चष्मा खंडग्रास काळात सतत घाला. शेवटचा प्रकाशबिंदू विझला की काढा, नाहीतर प्रभामंडल (सूर्याभोवतीचे अंधुक तेजोवलय) दिसणारच नाही. पश्चिमेकडची कड उजळू लागताच पुन्हा चढवा. ऊन चाळिशीपार असते. कॅमेरा ओल्या पांढऱ्या कापडाच्या सावलीत ठेवा.