मुलीला ‘मिशेलिन शेफ’ व्हायचंय : मालवणच्या एका आईला उत्तर

प्रश्न : आमची मालवण तालुक्यात घरगुती खानावळ आहे, वर पर्यटकांसाठी तीन खोल्या. मुलगी बारावी कॉमर्सला आहे. गेलं वर्षभर तिने ध्यास घेतलाय, मिशेलिन स्टार मिळवणारी शेफ व्हायचं. तिचे बाबा म्हणतात, जेवण करायला घरीच शिकतेस, त्याला कॉलेज कशाला? एका एजंटाने परदेशातला सहा महिन्यांचा ‘मिशेलिन सर्टिफाइड’ कोर्स सुचवलाय. बुकिंगचे ५० हजार मागतोय. हे खरं असतं का? असा स्टार कोकणात मिळेल का? आणि तिने शिकावं तरी काय? – एक आई

उत्तर :

ताई, आधी एजंटाचं. ५० हजार देऊ नका. मिशेलिन गाइड, म्हणजे चांगल्या रेस्टॉरंटांना स्टार (तारे) देणारी मार्गदर्शिका, कुठल्याही कोर्सला प्रमाणपत्र देत नाही आणि कुठल्याही माणसाला ‘सर्टिफाइड’ करत नाही. स्टार मिळतो तो रेस्टॉरंटला. तिथली शेफ नोकरी सोडून गेली, तर स्टार तिच्यासोबत जात नाही. शिवाय तो दरवर्षी नव्याने ठरतो. त्यामुळे ‘मिशेलिन सर्टिफाइड कोर्स’ हे शब्द छापील कागदावर दिसले, की तो कागद तिथेच बाजूला ठेवावा. एजंट परदेशात नोकरी लावून देतो म्हणत असेल, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत भरती एजंटांची यादी असते, तीत त्याचं नाव आहे का ते पाहा. ‘विद्यार्थी व्हिसावर जाऊन पुढे नोकरी करता येईल’ असं म्हणत असेल, तर त्या व्हिसावर आठवड्याला किती तास काम करता येतं, ते त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावरून स्वतः वाचा. त्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

आता स्टारबद्दल. हे तुमच्या लेकीनेही बसून वाचावं, कारण तिला जे हवंय त्याचं चित्र मोबाइलवरच्या व्हिडिओंतून अर्धंच दिसतं.

हे मिशेलिन गाइड १९०० साली फ्रान्समध्ये त्याच नावाच्या टायर कंपनीने काढलं. मोटारवाल्यांनी जास्त फिरावं, टायर झिजावेत, हा सरळ व्यापारी हेतू होता आणि सुरुवातीला पुस्तक फुकट वाटलं जाई. १९२६ पासून चांगल्या जेवणाच्या जागांना तारा देऊ लागले आणि १९३१ पासून एक, दोन, तीन अशी उतरंड आली. त्या ताऱ्यांचे मूळ अर्थ प्रवाशाच्या भाषेत आहेत. एक म्हणजे आपल्या प्रकारात फार चांगली जागा, दोन म्हणजे वाट वाकडी करून जाण्याजोगी आणि तीन म्हणजे केवळ त्या जेवणासाठी प्रवास करावा अशी. जेवणासाठी गाव गाठण्याची आजची सवय या मोजपट्टीत तेव्हापासून आहे.

तपासनीस ओळख न देता येतात, सामान्य गिऱ्हाइकासारखे जेवतात आणि बिल भरून जातात. पाहतात ते पाच गोष्टींत: मालाचा दर्जा, शिजवण्याच्या तंत्रावरची पकड, चवींचा मेळ, ताटात दिसणारं शेफचं स्वतःचं व्यक्तिमत्त्व, आणि सातत्य. हे सातत्य मेनूतल्या सगळ्या पदार्थांत हवं आणि वर्षभर, प्रत्येक भेटीत हवं. झुंबर, गालिचे, चांदीचे काटे यांना ताऱ्यासाठी गुण नसतात. म्हणूनच सिंगापूरच्या एका हॉकर गाळ्याला २०१६ मध्ये तारा मिळाला आणि बँकॉकच्या जय फाय या रस्त्यालगतच्या, कोळशावर खेकड्याचं ऑम्लेट करणाऱ्या बाईंच्या दुकानालाही मिळाला. सिंगापूरच्या त्या गाळ्याचा पसारा पुढे वाढला आणि २०२१ मध्ये त्याचा तारा गेला. अमुक कारणाने गेला असं गाइड सांगत नाही, पण हात वाढले की पहिल्यांदा सातत्य निसटतं, हे कुठल्याही स्वयंपाकघरात दिसतं.

कोकणात तारा मिळेल का, याचं आजचं उत्तर ‘नाही’. हे गाइड भारतातल्या रेस्टॉरंटांना तारे देत नाही. आशियात ते गेलं, त्यातल्या थायलंडसारख्या देशांत तिथल्या पर्यटन खात्याने त्यासाठी पैसे मोजले. म्हणजे उद्या ते इकडे यायचं, तर निर्णय सरकारी पातळीवर होईल. तुमच्या लेकीच्या हातात तो नाही आणि तिने त्याची वाट पाहत वय घालवू नये. ‘आशियातील ५० सर्वोत्तम’ ही दुसरी यादी मात्र भारतातल्या जागांना घेते आणि मुंबईत महालक्ष्मीचं ‘मास्क’ हे रेस्टॉरंट त्या यादीत आलेलं आहे. या यादीला तपासनीस नसतात. शेफ, खाद्यलेखक आणि खाण्यासाठी फिरणारे लोक मतं देतात, तीही अलीकडच्या ठराविक काळात स्वतः जेवलेल्या जागांनाच. ज्या गावी हे लोक पोचतच नाहीत, तिथलं जेवण कितीही चांगलं असलं तरी मत पडत नाही. म्हणून मोठी रेस्टॉरंटं पाहुणे शेफ बोलावतात, पॉप-अप (दुसऱ्या जागी थोड्या दिवसांचं तात्पुरतं रेस्टॉरंट) करतात, त्यावर खर्च करतात. करिअरच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की या क्षेत्रातल्या वरच्या नोकऱ्या मुंबई, बेंगळुरू, दिल्ली आणि दुबईत एकवटल्या आहेत. दुबईच्या ‘ट्रेसिंड स्टुडिओ’ला २०२५ मध्ये तीन तारे मिळाले. भारतीय जेवण देणाऱ्या रेस्टॉरंटला तीन तारे मिळण्याची ती पहिलीच वेळ. तिथले शेफ हिमांशू सैनी भारतीय आहेत. लेकीला हे जरूर सांगा, तिची उमेद खोटी नाही.

पण ताऱ्याची किंमतही तिने ऐकावी. फ्रान्समध्ये लागियोल नावाचं एक लहान, आडबाजूचं गाव आहे. तिथल्या ब्रास कुटुंबाच्या रेस्टॉरंटला १९९९ पासून तीन तारे होते. त्यांचं नाव झालं ते माळावरच्या भाज्या, कोवळी पानं आणि रानफुलं यांच्या ताटामुळे. आपल्याकडच्या टाकळा, भारंगी, फोडशीच्या जातीचीच ही गोष्ट आहे. हिवाळ्यात ते बंद असतं, तरी लोक गाड्या काढून तिथवर जातात. २०१७ मध्ये सेबास्तियाँ ब्रास यांनी आम्हाला गाइडमधून वगळा अशी विनंती केली. रोज जाणारं प्रत्येक ताट कदाचित तपासलं जाईल, या दडपणाखाली काम करायचं नव्हतं. २०१८ च्या आवृत्तीत ते नव्हते, २०१९ मध्ये गाइडने दोन ताऱ्यांसह त्यांना परत घेतलं. न्यूयॉर्कचा एक अभ्यास आहे: २००५ ते २०१४ दरम्यान तारा मिळालेल्या रेस्टॉरंटांपैकी सुमारे ४० टक्के २०१९ अखेर बंद झाली होती. तारा आला की घरमालक भाडं वाढवतो, पुरवठादार भाव चढवतात, कारागीर जास्त पगार मागतात किंवा दुसरीकडे पळवले जातात आणि गिऱ्हाईक मोठी अपेक्षा घेऊन येतं.

आता तिच्या बाबांचा प्रश्न: घरी शिकतेय, मग कॉलेज कशाला? घरी चव शिकता येते, आणि ती तिच्याकडे आयती आहे हे मोठं भांडवल आहे. घरी शिकायला मिळत नाही ते मोजमाप. तुमच्याच खानावळीतलं उदाहरण घ्या. सुरमई ८०० रुपये किलो धरा, मासा ३ किलोचा. डोकं, शेपूट, पर, आतडी गेली की तुकड्यांचा माल साधारण २ किलो १०० ग्रॅम उरतो. १५० ग्रॅमचा तुकडा काढला, तर १४ तुकडे, म्हणजे एक तुकडा १७१ रुपयांना पडला. कापणाऱ्याचा हात सैल पडून तुकडा १८० ग्रॅमचा झाला, की तुकडे ११ आणि एकाची किंमत २१८. थाळी ४०० रुपयांची असेल, तर पहिल्या वेळी मासाच ४३ टक्के खाऊन जातो, दुसऱ्या वेळी ५५. भात, सोलकढी, तेल, गॅस, मजुरी अजून धरलेलीच नाही. हॉटेल धंद्यात एकूण खाद्यखर्च विक्रीच्या ३० ते ३५ टक्क्यांत बसवायची धडपड असते. म्हणून व्यावसायिक स्वयंपाकघरात तुकडा तराजूवर जातो, डोकं कालवणाच्या हिशेबात धरलं जातं आणि थाळीचा भाव मासळीच्या लिलावाच्या भावाप्रमाणे रोज फळ्यावर लिहिला जातो.

दुसरं सोलकढीचं. पर्यटकांच्या तक्रारीत ‘काल छान होती, आज आंबट’ हे वाक्य हमखास असतं. कारण आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस. प्रत्येक घरचं आगळ वेगळं असतं, कुणाचं जास्त खारट, कुणाचं दाट. लेकीला सांगा, बाटली नवीन उघडली की तीन पेल्यांत १०० मिलिलिटर नारळाचं दूध घे, त्यात ५, ८ आणि १० मिलिलिटर आगळ घाल, चाख, आणि जे जमलं ते बाटलीवर चिठ्ठी लावून लिही. मीठ त्यानंतरच, कारण ते आगळातच असतं. दूध काढायला पाणी कोमट हवं, उकळतं घेतलं की तेल सुटतं. मे महिन्यात सकाळी एकदम सगळी करून ठेवू नये. एक घाणा साडेअकराला, दुसरा दीडला, आणि दोन्ही फ्रिजमध्ये. लसूण वाढण्याआधी थोडा वेळच घालावी, ठेचलेली कच्ची लसूण जितकी मुरते तितकी उग्र होते. तपासनीस ‘सातत्य’ म्हणून जे शोधतात, ते इतक्या साध्या गोष्टींनी बनतं.

शिक्षणाच्या वाटा तीन. बारावीत इंग्रजी विषय असेल, तर शाखा कोणतीही चालते. पहिली वाट एनसीएचएम-जेईई ही राष्ट्रीय प्रवेश परीक्षा. त्यातून केंद्रीय इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंटमध्ये पदवीला प्रवेश मिळतो. तुमच्यासाठी जवळची दोन म्हणजे पर्वरीचं गोव्यातलं आणि दादरचं. माझी पहिली पसंती गोवा: घर जवळ, आणि ज्या मासळीवर तिचा हात बसलाय तीच तिथल्या बाजारात. दुसरी वाट राज्याच्या सीईटी सेलची हॉटेल मॅनेजमेंटची परीक्षा. दोन्ही अर्ज भरावेत, तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून अधिकृत संकेतस्थळच पाहावं. खासगी कॉलेज घ्यायची वेळ आली, तर एकच प्रश्न विचारा: गेल्या वर्षीची मुलं औद्योगिक प्रशिक्षणाला कुठल्या हॉटेलांत गेली, यादी दाखवा. दाखवली नाही तर पुढे बोलू नका. तिसरी वाट आयटीआयचा एक वर्षाचा फूड प्रॉडक्शन हा ट्रेड आणि मग अप्रेंटिसशिप. पैशाची ओढाताण असेल, तर ही वाट मुळीच कमी प्रतीची नाही, किचनमध्ये हात पाहिला जातो.

पदवीनंतर सुरुवात कॉमी थ्री, म्हणजे किचनमधल्या सगळ्यात खालच्या पायरीवरची स्वयंपाकी, म्हणून होते. पहिली दोन वर्षं कांदा, साल, साफसफाई, कोल्ड स्टोअरेजवरच्या तारखेच्या चिठ्ठ्या. दहा-बारा तास उभं राहणं, दुपारी सुट्टी देऊन संध्याकाळी पुन्हा बोलावणारी ब्रेक शिफ्ट, सणावारी हमखास ड्यूटी. पहिला पगार ऐकून घर नाराज होतं. मोठ्या नावाच्या परदेशी स्वयंपाकघरांत बिनपगारी उमेदवारी अनेक वर्षं चालत आली. कोपनहेगनच्या ‘नोमा’ या नामांकित रेस्टॉरंटने उमेदवारांना पगार द्यायला सुरुवात केली तीही २०२२ मध्ये. तेव्हा तिने तिशीपर्यंत कुठे पोचायचं ते आत्ता ठरवू नये. पहिली तीन वर्षं तारांकित हॉटेलच्या मोठ्या किचनमध्ये काढावीत आणि मगच ठरावीक मेनूच्या छोट्या रेस्टॉरंटकडे वळावं. उलट क्रमाने गेलेल्या मुलांना ताटावर चिमट्याने शोभेचं पान ठेवता येतं, पण ८० जणांची ऑर्डर एकदम आली की हात थांबतो.

आणि एक गोष्ट तिने कुठेही गेली तरी सोडू नये. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक मासेमारी बंद असते आणि खानावळी बहुतेक फ्रीझरचा मासा काढतात. खवय्या प्रवाशाला तो लगेच कळतो, आणि मॅपवरचं रेटिंग याच दोन महिन्यांत घसरतं. सध्या कोकणातल्या जागेचं खरं गाइड ते रेटिंगच आहे. या दिवसांत सुका बांगडा, गोलमा (सुकी बारीक कोळंबी), कुळथाची पिठी, फणसाच्या आठळ्या, रानभाज्या, घावणे यांचा वेगळा, छोटा मेनू ती आतापासून लिहून काढू शकते. ‘ताजी मासळी ऑगस्टमध्ये’ असं फळ्यावर स्वच्छ लिहिलं, तर गिऱ्हाईक रागावत नाही, फसवलं गेल्यावर रागावतं.

परीक्षा झाली की तिला पंधरा दिवस तुमच्या खानावळीत कामाला लावा, मुलगी म्हणून नव्हे, कामगार म्हणून: सकाळी लिलावापासून रात्री ओटा धुईपर्यंत. हातात एक वही. रोज मासा किती आला, तुकडे किती निघाले, किती ताटं गेली, परत काय आलं, उष्ट्यात काय टाकलं गेलं. बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण दहा दिवस सलग एकाच मापाने करायला सांगा: किलोला आठ-दहा तिरफळं, बिया काढून, फक्त ठेचून, कारण बारीक वाटली की कडवटपणा उतरतो. दहाव्या दिवशी चव पहिल्या दिवसासारखी लागली आणि तिला अजून कंटाळा आला नसेल, तर फॉर्म भरा. मुलाखत असेल तिथे ती वही सोबत न्यायला विसरू नका.