वितंडवाद म्हणण्यापूर्वी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. लेखी गप्पांच्या ओघात आपण म्हणालात की हाताने लिहिलेले अधिक काळ लक्षात राहते. त्यावर एकाने पुरावा मागितला. दुसऱ्याने विचारले की तसे असेल तर शाळेत सगळेच हाताने लिहीत होते, मग सगळेच पहिले का आले नाहीत. तिसऱ्याने आपण स्वतः हे मत टंकूनच मांडले आहे याची आठवण करून दिली आणि चौथ्याने आपले वय काढले. आता आपण विचारता की सहज गप्पांत असा वितंडवाद घालणाऱ्यांचे काय करावे, की बोलणेच सोडून द्यावे.

बोलणे सोडू नये असे माझे मत आहे, परंतु त्याआधी आपण वापरलेल्या शब्दाकडे पाहावे लागेल. मराठीत आपण कोणत्याही नकोशा वादाला वितंडवाद म्हणून मोकळे होतो. ज्या न्यायशास्त्रातून, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातून, हा शब्द आला तेथे त्याचा अर्थ बराच नेमका आहे. अक्षपाद गौतमांच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे दोन्ही बाजू मांडून सत्य शोधणे हा वाद. जिंकण्यासाठी शब्दच्छलासारखी साधनेही वापरून भांडणे हा जल्प. आणि स्वतःची कोणतीच बाजू न मांडता केवळ समोरच्याची बाजू पाडत राहणे ही वितंडा. या कसोटीवर पाहिले तर आपल्या चौघांपैकी ज्याने पुरावा मागितला तो निखळ वाद करत होता, आणि तरीही आपल्या उत्तरावरून असे दिसते की आपल्याला सर्वाधिक राग त्याचाच आला.

हा राग येण्याचे कारण मला ओळखीचे वाटते. आपण गप्पा मारत होता आणि तो वाद करत होता, व दोघांनाही दुसरा काय करतो आहे हे कळले नाही. गप्पांचे काम माहिती देणे हे नसतेच. मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात ज्या बोलण्याचा हेतू केवळ एकमेकांशी नाते राखणे हा असतो अशा बोलण्याला वेगळे नावच दिले. ‘काय, बरे आहे ना?’ या प्रश्नाला कोणी आपल्या प्रकृतीचा सविस्तर वृत्तांत देऊ लागला तर आपण अस्वस्थ होतो, त्याचे कारण हेच. ‘हाताने लिहिलेले लक्षात राहते’ हे आपले वाक्य त्याच जातीचे होते. त्याचा खरा अर्थ ‘मला वही-पेन आवडते, तुमचे काय?’ एवढाच होता. मात्र त्याचे रूप सार्वत्रिक विधानाचे होते आणि वाचणाऱ्यासमोर फक्त रूप असते.

समोरासमोर बसलेल्यांना ही अडचण सहसा येत नाही. दहा भाषांतील संभाषणांच्या तुलनेचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रश्न आणि उत्तर यांमधील अंतर सरासरीने सेकंदाच्या एक पंचमांशाच्या आसपास आढळले. एवढ्या वेगाने ज्याची उत्तरे येतात त्या बोलण्यात भुवई जराशी वर गेली तरी आपण विधान मवाळ करून घेतो. लेखी गप्पांत ती भुवई दिसत नाही आणि उत्तर तासाभराने येते, तोवर विधान जसेच्या तसे उभे असते. विनोदाला विनोद म्हणून ओळखता यावे यासाठी अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस यांची हसरी खूण वापरावी, अशी सूचना कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी केली होती. म्हणजे ही तक्रार चाळीस वर्षांहून जुनी आहे, आणि खुणा शेकडोंनी वाढूनही ती मिटलेली नाही.

आता बाकीच्या तिघांकडे वळू. ‘मग सगळेच पहिले का आले नाहीत’ हा प्रश्न न्यायशास्त्रात छल म्हणून ओळखला जातो. छलाचे तीन प्रकार आहेत. पहिला वाक्छल, ज्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे: ‘हा मुलगा नवकंबल आहे’ असे कोणी म्हटले, म्हणजे त्याच्याकडे नवे कांबळे आहे, तर ‘याच्याकडे नऊ कांबळी कुठे आहेत?’ असे विचारणे, कारण संस्कृतात ‘नव’ म्हणजे नवे आणि नऊही. दुसरा सामान्यच्छल, म्हणजे एखादी गोष्ट संभवते एवढेच म्हटले असताना ती सर्वत्र घडलीच पाहिजे असा अर्थ ताणून काढणे. तिसरा उपचारच्छल, म्हणजे लाक्षणिक अर्थाने म्हटलेले शब्दशः घेणे. आपल्याला विचारलेला प्रश्न दुसऱ्या प्रकारात बसतो, आणि त्याला ‘लक्षात राहायला मदत होते म्हणालो, पहिला नंबर येतो असे नाही’ एवढे एक वाक्य पुरे होते. आपण त्याला पाच परिच्छेद दिले.

येथे थोडे कटू बोलतो, कारण आपणच मत विचारले आहे. न्यायसूत्रांत निग्रहस्थाने, म्हणजे वादात हार मानली जाण्याच्या जागा, २२ सांगितल्या आहेत, आणि त्यांची यादी वाचताना मला नेहमी वाटते की ती कालच्या एखाद्या भांडणावरून केली असावी. मूळ मुद्दा अडचणीत आल्यावर त्यात हळूच नवी अट घालणे हे प्रतिज्ञांतर. ‘मी असे म्हणालोच नव्हतो’ हा प्रतिज्ञासंन्यास. संबंध नसलेले काही आणून घुसडणे हे अर्थांतर. ‘आत्ता मला काम आहे’ म्हणून निघून जाणे हा विक्षेप. आणि आपल्यावरील आक्षेपाला उत्तर न देता ‘तुमच्याकडे तरी तेच आहे’ म्हणणे ही मतानुज्ञा, कारण तसे म्हणताना आपल्या बाजूचा दोष आपण मान्यच केलेला असतो. आता आपली उत्तरे पुन्हा वाचून पाहावीत. पुरावा मागणाऱ्याला आपण म्हणालात, ‘तुमच्याकडे तरी कुठे पुरावा आहे?’ पुढे म्हणालात की आपण फक्त कविता पाठ करण्याविषयी बोलत होता, जे पहिल्या विधानात कोठेही नव्हते. शेवटी कामाचे निमित्त सांगून निघून गेलात. वितंडा करणारा त्या चर्चेत कोणी असेल वा नसेल, पण निग्रहस्थाने मोजली तर तीन आपल्याच नावावर जमा होतात.

हे मी उंचावरून सांगत नाही. एका शब्दाच्या ऱ्हस्व-दीर्घावरून मी एकदा तीन दिवस वाद घातला होता, आणि चौथ्या दिवशी सगळे पहिल्यापासून वाचल्यावर असे दिसले की समोरचे गृहस्थ आणि मी वेगवेगळ्या शब्दांत एकच नियम सांगत होतो. दोघांपैकी एकानेही दुसऱ्याचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडून पाहिले नव्हते. निग्रहस्थानांत याचीही नोंद आहे: प्रतिपक्षाने तीनदा सांगितलेले आणि सभेला कळलेले म्हणणेही ज्याला पुन्हा उच्चारता येत नाही त्याच्यावर अननुभाषणाचा दोष येतो. तेव्हापासून मी उत्तर लिहिण्याआधी समोरच्याचा पूर्वपक्ष एका वाक्यात लिहून काढतो. निम्म्या वेळा ते वाक्य लिहिल्यावर उत्तराची गरजच उरत नाही.

वाद कोणाशी करावा याविषयी मला चरकसंहितेचे विवेचन सर्वांत उपयोगी वाटते. आयुर्वेदाच्या या ग्रंथातील विमानस्थान नावाच्या विभागाच्या ८व्या अध्यायात वैद्यांच्या आपसातील चर्चेचे दोन प्रकार केले आहेत: स्नेहाने केलेली संधायसंभाषा आणि विरोधाने केलेली विगृह्यसंभाषा. पहिली कोणाशी करावी हे सांगताना ज्ञान आणि उत्तर देण्याची शक्ती यांच्याबरोबरच तो माणूस न रागावणारा, मत्सर न करणारा, पटवून दिल्यास पटवून घेणारा आणि गोड बोलणारा असावा असे म्हटले आहे. म्हणजे ज्ञान लागतेच, पण अटींच्या त्या यादीत स्वभावाच्या अटी अधिक आहेत. दुसऱ्या प्रकारासाठी मात्र आधी प्रतिपक्षाचे आणि सभेचे बळ पारखण्याचा सल्ला आहे. लेखी चर्चेत ही सभा म्हणजे न बोलता वाचणारे लोक. त्यांच्यासाठी लिहिलेले उत्तर आपोआप लहान आणि सौम्य होते, असा माझा अनुभव आहे.

जल्प आणि वितंडा सर्वथा वाईट, असेही न्यायसूत्रे म्हणत नाहीत. बीजाला फुटलेल्या अंकुराचे रक्षण काटेरी फांद्यांच्या कुंपणाने करावे तसे ठरलेल्या तत्त्वाचे रक्षण त्यांनी करावे, असा दृष्टांत तेथे आहे. माझी अडचण एवढीच की आपण बहुतेक वेळा अंकुर फुटण्याआधीच कुंपण घालायला लागतो.

आपला विषय तर वादाला योग्यच होता. म्युलर आणि ओपेनहायमर या संशोधकांनी २०१४ मध्ये लॅपटॉपवर टिपणे घेणारे आणि हाताने घेणारे विद्यार्थी यांची तुलना केली, तेव्हा आशय समजण्याच्या प्रश्नांत हाताने लिहिणारे सरस ठरले. लॅपटॉपवाले ऐकलेले जसेच्या तसे उतरवतात, हे कारण त्यांनी सुचवले. पुढे इतरांनी तेच प्रयोग पुन्हा करून पाहिले तेव्हा फरक तितका स्पष्ट दिसला नाही. हे समोर ठेवून पुरावा मागणाऱ्याशी चांगली तासभर चर्चा झाली असती आणि दोघांनाही आपापले मत थोडे दुरुस्त करावे लागले असते.

तेव्हा माझी सूचना अशी की आपण परत जावे आणि त्या पहिल्या गृहस्थांना लिहावे की ते विधान माझ्या अनुभवाचे होते, सिद्धांत म्हणून केलेले नव्हते, आणि पुरावा मागितल्यावर मी उगाच चिडलो. त्यानंतर त्यांना खरोखर रस असेल तर वरील प्रयोगांवरून वाद सुरू करावा. छल करणाऱ्यास ते एक वाक्य द्यावे. टंकून लिहिल्याची आठवण करून देणाऱ्यास हसून ‘बरोबर’ म्हणावे, कारण तो बहुधा चेष्टाच करत होता आणि ती चांगली होती. वय काढणाऱ्याने मात्र कोणतेही विधानच केलेले नाही, म्हणून त्याला उत्तर देण्यासारखे तेथे काही नाही.