नवे स्पीकर घ्यायच्या आधी मागची वायर बघा

दोन स्पीकरच्या समोर मधोमध बसलं की बेस गायब, गाणारीचा आवाज नेमका कुठून येतोय तेच कळत नाही आणि खुर्ची सोडून बाजूला गेलं की जरा बरं वाटतं, हे तुम्ही लिहिलंय ते वाचून हसू आलं. अगदी हेच दुखणं मी जवळपास वर्षभर काढलंय. म्हणून बजेट कमी असताना कुठले स्पीकर घ्यावेत, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर नंतर देतो.

घराला रंग दिला तेव्हा मी स्पीकरच्या वायरी बदलल्या. ती पारदर्शक जोडवायर असते ना, दोन्ही तारा तांब्याच्याच, फक्त एका बाजूला केसाएवढी बारीक रेघ. रॅकच्या मागे आडवा पडून, मोबाइलचा टॉर्च दातात धरून जोडणी केली. डाव्या स्पीकरला प्लस-मायनस उलटं झालं. असं झालं की एका वूफरचा, म्हणजे बेस वाजवणाऱ्या मोठ्या भागाचा, पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि मधोमध बसणाऱ्याच्या कानापर्यंत बेस पोचतच नाही.

मी काय केलं? स्पीकर उचलले आणि सर्व्हिस सेंटरला नेले. नाव घेत नाही. तीन आठवडे ठेवून घेतले आणि पावतीवर ‘कॉइल रिवाइंड, २ नग’, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं नव्याने गुंडाळलं. काउंटरवर एकेक स्पीकर वाजवून दाखवला, दोन्ही झकास. अहो, एकटा स्पीकर उलटा जोडला तरी झकासच वाजतो! घरी तीच वायर, तोच पातळ आवाज. परत गेलो तर म्हणे, ‘जुने झालेत, एवढंच वाजणार.’ दोन्ही एकत्र लावून बघायला दोन मिनिटं लागली असती. असो. मग मी रागाने टॉवर स्पीकर घेतले. त्याच वायरींवर तेही तसेच वाजले, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा आधी स्पीकरना ताकद पुरवणारा अ‍ॅम्प बंद करा आणि एकाच स्पीकरच्या दोन तारांची अदलाबदल करा. दोन्हीकडची केलीत तर पुन्हा जैसे थे. एखादं एकट्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावा. आवाज मधोमध येऊन उभा राहिला की निदान झालं. तरी शंका असेल तर वायर अ‍ॅम्पकडून सोडवा आणि तिच्या टोकांना १.५ व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा, दोन्ही स्पीकरच्या वेळी प्लसची तार सेलच्या प्लसलाच. दोन्ही वूफर एकाच दिशेला हलले पाहिजेत. मी टेक्निशियन नाही, पण एवढ्याने काही जळत नाही. अ‍ॅम्प मात्र उघडू नका, बंद असला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

वूफरच्या कडेचा फोम बोट लावताच भुगा होत असेल तर तो बदलून मिळतो, त्यासाठी नवी जोडी लागत नाही. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा भाग, कानाच्या उंचीवर आणा, स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढा. फुकटात यापेक्षा मोठा फरक पडत नाही.

एवढं करूनही घ्यायचेच असतील तर वापरलेले घ्या, आणि वॉटच्या आकड्याला भुलू नका. सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती मोठ्याने वाजतो तो आकडा. ८४ डेसिबलवाल्याला ९० डेसिबलवाल्याइतकं वाजवायला चौपट ताकद लागते. तुमचा अ‍ॅम्प छोटा आहे म्हणता, म्हणजे हाच आकडा महत्त्वाचा. ४ ओमचे (ओम म्हणजे विजेच्या रोधाचं माप) घेणार असाल तर ते अ‍ॅम्पला चालतात का ते सहसा त्याच्या पाठीवर छापलेलं असतं. महागड्या केबलबद्दल माझं मत फार वाईट आहे, इथे पुष्कळांना पटणार नाही. खोलीतल्या चार-पाच मीटरला १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी वायर पुरते. फक्त रेघ ठळक असलेली घ्या.

माझे टॉवर आतल्या खोलीत चादर पांघरून उभे आहेत. विकायला काढले तर निम्मी किंमतही येईना. बाहेर जुनेच वाजतायत, रिवाइंड केलेले.