त्रिंकोमाली युद्धनौकेचं लाकडी मॉडेल करतोय. नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, फळ्यांमध्ये फटी का पडतात?

बहुतेक फळी ओली असतानाच चिकटवताय. १ मिमी जाड, ५ मिमी रुंद पट्टी गरम पाण्यात २०-३० मिनिटं भिजवा, नाळेच्या बाकाला चिमट्यांनी आवळून रात्रभर वाळू द्या, मगच फेव्हिकॉल. ओली चिकटवली तर वाळताना आकसते, की फट पडलीच. टोकाकडे निमुळती करा, पण निम्म्या रुंदीपेक्षा कमी नको. एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे असंच लावत जा. एकाच बाजूने भरत गेलात तर कणा पिळतो, आणि तो पीळ मग निघत नाही.

मूळ जहाज १८१७ साली मुंबईत सागवानात बांधलं, म्हणून मॉडेललाही सागवानच, हा हट्ट सोडा. एवढ्या लहान आकारात त्याचे रेषे फार भरड दिसतात. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये हळदूचं लाकूड विचारा.